ओहायोच्या काठावरचा रंगारी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



शाळेत चित्रकलेच्या तासाला 'निसर्गचित्र काढा' असं सांगितलं, की वर्गातली चाळीस मुलं चाळीस कागदांवर एकच चित्र काढतात. दोन डोंगर, त्यांच्या मधून डोकं वर काढणारा सूर्य, वळणं घेत कागदाच्या कडेपर्यंत आलेली नदी, काठावर एक झोपडी, झोपडीशेजारी नारळाचं झाड आणि आभाळात मराठी चारच्या आकड्यासारखे पक्षी. ज्या गावात उन्हाळ्यात टँकर येतो, त्या गावातल्या मुलाच्या चित्रातही नदी दुथडी भरून वाहत असते. ज्यानं नारळाचं झाड कधी पाहिलेलं नाही, तोही नारळच काढतो. झोपडी असते, पण झोपडीवर कर्ज नसतं. माणूस सहसा नसतोच. असला तर पाठमोरा, कारण चेहरा काढणं अवघड जातं.

मला या चित्राची थट्टा करायची नाही. जगातल्या मोठमोठ्या चित्रकारांनी शेकडो वर्षं साधारण हेच चित्र काढलं आहे, फक्त अधिक सफाईनं. हिरवं कुरण, चरणारी गुरं, स्वच्छ पाणी, दूरवर निळसर होत गेलेले डोंगर आणि कुणाचीच कसली तक्रार नाही असं एक जग. इंग्रजीत या परंपरेला 'पास्टोरल' म्हणतात. आपण तिला गुराख्यांची कला म्हणू या. आज मी तुम्हाला अशा एका चित्रकाराची ओळख करून देणार आहे, ज्यानं जन्मभर अशी शांत, सुखाची चित्रं काढली. पण त्याच्या काळात त्याच्या वर्णाच्या माणसाला त्या चित्रातल्या कुरणावरून निर्धास्त चालत जाण्याची सोय नव्हती. त्याचं नाव रॉबर्ट डंकन्सन. एकोणिसाव्या शतकातला आफ्रिकी-अमेरिकी चित्रकार. कोणत्याही कलाशाळेत न शिकलेला.

त्याच्याकडे जाण्याआधी या परंपरेविषयी थोडं सांगायला हवं. ती सुरू झाली कवितेत. ग्रीक कवी थिओक्रिटस आणि त्याच्यानंतर इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातला रोमन कवी व्हर्जिल, हे तिचे आद्य पुरुष. व्हर्जिलच्या गुराखी-कवितांमधली पहिलीच कविता मोठी विलक्षण आहे. दोन गुराखी एकमेकांना भेटतात. एक झाडाच्या सावलीत निवांत पावा वाजवतो आहे, कारण त्याची जमीन वाचली आहे. दुसरा शेळ्या हाकत गाव सोडून चालला आहे, कारण त्याची जमीन काढून घेतली गेली आणि सैनिकाला दिली गेली. म्हणजे बघा, या सुखाच्या कवितेच्या पहिल्याच पानावर विस्थापित माणूस उभा आहे. पुढे लोकांनी पावा लक्षात ठेवला आणि शेळ्या हाकत गेलेल्या माणसाला विसरून गेले.

सतराव्या शतकात क्लोद लोरँ या फ्रेंच चित्रकारानं रोममध्ये राहून या कवितेला चित्राचं रूप दिलं. त्यानं एक रचना पक्की केली. एका बाजूला गडद झाडं, मधे संथ पाणी, पाण्यापलीकडे एखादी जुनी इमारत किंवा पूल, आणि क्षितिजावर सगळं विरघळवून टाकणारा सोनेरी उजेड. ही रचना युरोपभर इतकी पसरली, की श्रीमंत लोक आपल्या बागाही त्या चित्रासारख्या करून घेऊ लागले. मग ती अटलांटिक ओलांडून अमेरिकेत आली. टॉमस कोल हा इंग्लंडात जन्मलेला चित्रकार तिथं स्थायिक झाला आणि त्याच्याभोवती ज्याला 'हडसन रिव्हर स्कूल' म्हणतात, ती निसर्गचित्रांची परंपरा उभी राहिली. भव्य अरण्यं, कोसळणारे धबधबे, पावसानंतरचं आभाळ. ही आपली भूमी, देवानं आपल्याला दिलेली, असा त्या चित्रांचा सूर होता. पण ती भूमी रिकामी नव्हती. १८३० मध्ये तिथल्या मूळच्या रहिवाशांना मिसिसिपीच्या पलीकडे घालवून देण्याचा कायदा झाला. कोलचं 'द ऑक्सबो' हे गाजलेलं चित्र त्यानंतर सहाच वर्षांचं, १८३६ चं आहे. आणि त्याच देशाच्या दक्षिणेकडच्या हिरव्यागार शेतांत लाखो गुलाम कापूस वेचत होते.

अशा देशात डंकन्सनचा जन्म १८२१ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या फेएट या गावी झाला. त्याचे आजोबा व्हर्जिनियातले, गुलामीतून सुटलेले. घरचा व्यवसाय सुतारकामाचा आणि घरं रंगवण्याचा. पुढे कुटुंब मिशिगनमधल्या मन्रो या गावी गेलं. १८३८ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, त्यानं एका भागीदाराबरोबर तिथल्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती: घरं रंगवून मिळतील, खिडक्यांना काचा बसवून मिळतील.

मला या जाहिरातीचं फार अप्रूप वाटतं. आपल्याकडे भिंती रंगवणाऱ्या माणसाला कुणी कलावंत म्हणत नाही. पण ज्यानं भिंतीला लांबी भरून ती घासली, अस्तर दिलं, पहिला हात वाळेपर्यंत थांबून मग दुसरा हात दिला, त्याला रंगाचं जे ज्ञान असतं ते पुस्तकातून येत नाही. कुठल्या रंगात काय मिसळलं की तो उद्या सुकल्यावर कसा दिसेल, हे त्याच्या मनगटाला ठाऊक असतं. डंकन्सनची पहिली शाळा ही. दुसरी शाळा म्हणजे छापील चित्रं. युरोपातल्या आणि अमेरिकेतल्या चित्रांच्या छापील प्रती मिळवायच्या आणि त्या पुन्हा पुन्हा उतरवून काढायच्या. तिसरी शाळा बाहेर, नदीकाठी. आणि पोटासाठी गावोगाव फिरून लोकांची व्यक्तिचित्रं काढायची.

१८४० च्या सुमारास तो सिनसिनाटीला आला. हे शहर समजून घेतलं नाही तर त्याची चित्रं समजत नाहीत. सिनसिनाटी ओहायो नदीच्या उत्तर काठावर आहे. नदीच्या या काठाला, ओहायो राज्यात, गुलामी कायद्यानं बंद. पलीकडच्या काठाला, केंटकी राज्यात, माणसांची खरेदी-विक्री चालू. मधे फक्त पाणी. पलीकडून पळालेला माणूस रात्री नदी पार करून इकडे आला की त्याला वाटायचं, सुटलो. पण या काठावरही काही स्वर्ग नव्हता. ओहायोतले जुने कायदे असे होते, की तिथं राहायला येणाऱ्या कृष्णवर्णीय माणसाला ५०० डॉलरचा जामीन द्यावा लागे, आणि गोऱ्या माणसाविरुद्ध न्यायालयात साक्ष देण्याचा त्याला अधिकार नव्हता. १८२९, १८३६ आणि १८४१ या वर्षी तिथं कृष्णवर्णीयांच्या वस्तीवर आणि त्यांची बाजू घेणाऱ्यांवर हल्ले झाले. १८४१ ची दंगल झाली तेव्हा डंकन्सन वीस वर्षांचा होता.

त्याच शहरात गुलामीच्या विरोधात काम करणारी माणसंही होती. हॅरिएट बीचर स्टो १८३२ ते १८५० या काळात तिथंच राहत होत्या. ज्या कादंबरीनं पुढे सगळी अमेरिका हलवली, त्या 'अंकल टॉम्स केबिन'मधला नदी ओलांडणाऱ्या आईचा प्रसंग याच ओहायो नदीवरचा. पळून आलेल्यांना घरात लपवणं, रातोरात पुढच्या गावी पोचवणं, असं करत करत त्यांना कॅनडापर्यंत नेणारं एक गुप्त जाळं होतं. त्याला 'अंडरग्राउंड रेलरोड' म्हणत. त्यात ना रूळ होते ना गाडी. होती ती फक्त विश्वासाची माणसं.

१८५० मध्ये अमेरिकेच्या संसदेनं पळालेल्या गुलामांविषयीचा कायदा कडक केला. आता ओहायोसारख्या मुक्त राज्यातही पळालेल्या माणसाला पकडून देणं नागरिकांवर बंधनकारक झालं. पकडलेल्या माणसाला स्वतःच्या बाजूनं साक्षही देता येत नव्हती. त्यामुळे जन्मानं स्वतंत्र असलेल्या डंकन्सनसारख्या माणसाच्या डोक्यावरही टांगती तलवार आली.

आणि त्यानंतरच्याच वर्षी, १८५१ मध्ये, त्यानं काय काढलं? एक डोह. चित्राचं नाव 'ब्लू होल, लिटल मायामी रिव्हर'. आज ते सिनसिनाटीच्या कलासंग्रहालयात आहे. दोन्ही बाजूंनी दाट झाडी आत झुकलेली, मधे काचेसारखं थांबलेलं पाणी, पाण्यात उतरलेलं आभाळ. काठावर तीन माणसं मासे पकडत आहेत. इतकी लहान, की त्यांचे चेहरे शोधावे लागतात. बस्स. चाबूक नाही, बेड्या नाहीत, पळणारं कुणी नाही.

पहिल्यांदा छापील पुस्तकात हे चित्र पाहिलं तेव्हा मी पान उलटून पुढे गेलो होतो. सुंदर आहे, पण अशी चित्रं कॅलेंडरवर असतात, असं वाटलं. नंतर वाचनात आलं की ही लिटल मायामी नदी सिनसिनाटीच्या वरच्या अंगाला ओहायोला मिळते आणि तिच्या खोऱ्यातून उत्तरेकडे जाणारी वाट ही पळालेल्या गुलामांची वाट होती. मग मी पुन्हा ते पान काढलं. तेच पाणी, तीच झाडी. पण आता ती झाडी लपण्याची जागा झाली. ते पाणी माग काढणाऱ्या कुत्र्यांना वास लागू न देणारं पाणी झालं. आणि काठावर बसलेल्या त्या तीन माणसांचा निवांतपणा ही मोठी किमतीची गोष्ट झाली.

डंकन्सनला हे सगळं म्हणायचं होतं का? याविषयी अभ्यासकांमध्ये दोन पक्ष आहेत. एक पक्ष म्हणतो, त्याच्या निसर्गात मुक्तीची खूण लपलेली आहे. दुसरा पक्ष म्हणतो, तो त्या काळच्या इतर चित्रकारांसारखाच एक चित्रकार होता, गोऱ्या ग्राहकांना आवडेल ते काढत होता, उगीच त्याच्या तोंडी आपले शब्द घालू नका. मला दोन्ही बाजूंत तथ्य वाटतं. पण त्याच सुमाराचं त्याचं आणखी एक चित्र पाहिलं की तराजू थोडा झुकतो. केंटकीच्या काठावरून दिसणाऱ्या सिनसिनाटी शहराचं ते चित्र आहे. शहराचं हे दृश्य त्यानं एका छापील चित्रावरून घेतलं. पण पुढच्या भागातली माणसं त्यानं बदलली. तिथं लांब दांड्याचा विळा घेतलेला एक काळा माणूस उभा आहे. तो गुलामीच्या काठावर आहे आणि पलीकडे, पाण्यापल्याड, उन्हात चमकणारं मुक्त राज्याचं शहर आहे. सुंदर देखावा म्हणून ते चित्र दिवाणखान्यात सहज लागलं असतं. पण ज्याला पाहायचं आहे त्याला त्या नदीची रुंदी दिसते.

त्याच काळात निकोलस लाँगवर्थ या धनाढ्य द्राक्षबागायतदारानं त्याला आपल्या हवेलीतलं काम दिलं. प्रवेशाच्या दालनात भिंतीवर आठ मोठी निसर्गचित्रं काढायची, प्रत्येक चित्र सुमारे ९ फूट उंच. घरं रंगवणारा मुलगा पुन्हा भिंतीपुढे उभा राहिला. पण या वेळी त्यानं भिंतच नाहीशी केली. रंगानंच चौकटी काढल्या आणि त्या चौकटींतून दऱ्या, धबधबे, तळी दिसू लागली. पुढे त्या घराचे मालक बदलले आणि त्या चित्रांवर भिंतीचा कागद चिकटवला गेला. कित्येक वर्षं ती त्या कागदाखाली होती. विसाव्या शतकात त्या घराचं संग्रहालय करताना कागद निघाला आणि चित्रं पुन्हा उजेडात आली. आज ते टॅफ्ट म्युझियम ऑफ आर्ट म्हणून ओळखलं जातं.

१८५३ मध्ये त्यानं 'अंकल टॉम अँड लिटल ईव्हा' हे चित्र काढलं. स्टोबाईंच्या कादंबरीतला प्रसंग, डेट्रॉइटच्या एका संपादकानं सांगून काढून घेतलेला. गुलामीचा विषय थेट घेतलेलं त्याचं हे ठळक चित्र. त्यातही तळं आहे, फुलांनी लगडलेली झाडी आहे, संध्याकाळचं आभाळ आहे. त्याच वर्षी लाँगवर्थच्या मदतीनं तो युरोपला गेला. इंग्लंड, फ्रान्स आणि इटली पाहिली. ज्या चित्रांच्या छापील प्रती गिरवून तो शिकला होता, ती मूळ चित्रं आता डोळ्यांसमोर होती. परतल्यावर त्यानं जेम्स प्रेस्ली बॉल या कृष्णवर्णीय छायाचित्रकाराच्या स्टुडिओत काम केलं. बॉलनं १८५५ मध्ये गुलामांच्या व्यापाराचा इतिहास दाखवणारा एक प्रचंड लांबीचा चित्रपट्ट तयार करवून लोकांना दाखवला होता. त्यात डंकन्सनचा हात असावा असं मानतात. तो पट्ट आज शिल्लक नाही.

आता १८६१ या वर्षाकडे येऊ. अमेरिकेत यादवी युद्धाला तोंड फुटलं ते वर्ष. त्या वर्षी त्यानं आपलं सर्वांत महत्त्वाकांक्षी चित्र पुरं केलं, 'लँड ऑफ द लोटस ईटर्स'. होमरच्या ग्रीक महाकाव्यात एक बेट आहे. तिथलं कमळफळ खाल्लं की माणूस घर विसरतो, कर्तव्य विसरतो. या कथेवर इंग्रज कवी टेनिसनची कविता होती, आणि त्या कवितेवरून हे चित्र. अवाढव्य दरी, ताडामाडांची झाडी, बर्फाचे डोंगर, सोन्यासारखं आभाळ. खाली, कोपऱ्यात, थकलेले गोरे ग्रीक सैनिक आणि त्यांना ती फळं आणून देणारे सावळ्या रंगाचे बेटवासी.

मला हे चित्र फार बोलकं वाटतं. गुराख्यांच्या कलेतला सगळ्यांत मोठा धोका याच चित्रात सांगितला आहे. सौंदर्य हे कमळफळासारखं असतं. ते खाऊन माणूस विसरायला लागतो. कापसाच्या शेताकडे पाहून 'वा, काय हिरवं आहे' असं म्हणतो आणि कापूस वेचणारे हात त्याला दिसेनासे होतात. गोऱ्यांच्या विश्रांतीसाठी फळं कोण वाहून आणतंय, हे डंकन्सननं त्या कोपऱ्यात नोंदवून ठेवलं. काही अभ्यासक म्हणतात, दक्षिणेतले मळेवाले गुलामांच्या श्रमावर सुस्त झाले, त्याकडे हा रोख आहे. तसं असेल तर ज्या कलेनं विसरायला मदत केली, त्याच कलेचा उपयोग त्यानं आठवण द्यायला केला.

युद्धाच्या धामधुमीत, १८६२ मध्ये, दक्षिणेचं सैन्य सिनसिनाटीवर चालून येणार अशी आवई उठली, तेव्हा शहरातल्या कृष्णवर्णीय पुरुषांना घरांतून ओढून तटबंदीच्या कामाला लावलं गेलं. पुढच्या वर्षी डंकन्सननं शहर सोडलं आणि तो कॅनडात माँट्रिअलला गेला. तिथं त्याला मान मिळाला, आणि कॅनडाच्या निसर्गचित्रकलेच्या घडणीत त्याचा वाटा मानला जातो. १८६५ मध्ये त्याची चित्रं डब्लिनच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात गेली. पुढे इंग्लंडात टेनिसनशीही त्याची भेट झाली असं सांगतात. स्वतःच्या गावात दंगल पाहिलेल्या माणसाचं परक्या गावात कवीनं स्वागत करावं, हा योग काही थोडा नव्हे.

स्कॉटलंडच्या सरोवरांनी तर त्याला वेड लावलं. त्याचं १८७१ चं 'एलेन्स आइल, लॉक कॅट्रिन' हे चित्र सर वॉल्टर स्कॉट यांच्या 'द लेडी ऑफ द लेक' या काव्यातल्या जागेचं. हे चित्र त्यानं गुलामीविरुद्ध आयुष्यभर लढलेल्या सिनेटर चार्ल्स समनर यांना भेट दिलं. इथं एक गंमत सांगतो. १८३८ मध्ये, म्हणजे डंकन्सननं घरं रंगवण्याची जाहिरात दिली त्याच वर्षी, एक तरुण गुलामीतून पळून उत्तरेला आला. पकडले जाऊ नये म्हणून त्यानं नवं आडनाव घेतलं, आणि ते याच काव्यातल्या एका पात्रावरून घेतलं: डग्लस. तोच पुढे कृष्णवर्णीयांचा महान नेता फ्रेडरिक डग्लस झाला. तेव्हा वरवर पाहता ते स्कॉटलंडचं एक तळं आहे. पण ज्यांना ठाऊक होतं, त्यांच्यासाठी त्या तळ्यात एका मुक्त माणसाचं नाव होतं.

तरीही डंकन्सनला टोचणी चुकली नाही. तो आपल्या लोकांना विसरला, गोऱ्यांसारखी चित्रं काढतो, असं त्याच्या घरातूनच ऐकावं लागलं. मुलाला लिहिलेल्या १८७१ च्या पत्रात त्यानं याला उत्तर दिलं आहे. वर्णाचा रंग माझ्या डोक्यात नाही, माझ्या डोक्यात आहे तो चित्राचा रंग, अशा अर्थाचं त्याचं म्हणणं आहे. इंग्रजीत त्यासाठी दोन वेगळे शब्द आहेत. आपल्या मराठीत मात्र दोन्हींना एकच शब्द: रंग. त्यामुळे त्याची अडचण मराठी माणसाला जास्त कळावी. एका रंगापासून सुटण्यासाठी तो दुसऱ्या रंगाकडे गेला. पण पाहणारे त्याच्या हातातला रंग सोडून त्याच्या हाताचाच रंग पाहत राहिले.

श्रोतेहो, इथं मी दोन शब्द स्वतःविषयी बोललो तर राग मानू नका. मी मराठीत कविता लिहितो. एका कविसंमेलनात पावसावरची कविता वाचली. खाली उतरल्यावर एका सद्गृहस्थांनी प्रेमानं खांद्यावर हात ठेवून विचारलं, "आपल्या समाजाच्या वेदनेवर काही लिहीत नाही का?" दुसऱ्या गावी दंगलीवरची कविता वाचली, तर तिथले सद्गृहस्थ म्हणाले, "जरा निसर्गावर वगैरे लिहीत जा की, तुमचं मराठी किती छान आहे!" मी म्हणालो, "साहेब, घरचंच आहे." ही माणसं वाईट नव्हती. दोघांनाही माझं भलंच व्हावंसं वाटत होतं. पण पाऊस माझ्याही अंगणात पडतो आणि त्यासाठी मला कुणाचा दाखला लागत नाही, हे त्यांच्या लक्षात येत नव्हतं. डंकन्सनच्या दुःखाच्या पासंगालाही माझं हे दुःख पुरणार नाही, याची मला जाणीव आहे. फक्त एवढंच, की त्याच्या पत्रातला वैताग मला ओळखीचा वाटला.

मला असं वाटतं, की पीडित समाजातल्या कलावंताकडून आपण कायम त्याच्या जखमेचीच मागणी करतो. जखम दाखव, मग तुला खरा मानतो. जखम दाखवणं आवश्यकच आहे. ती दाखवणाऱ्यांचे उपकार मोठे आहेत. पण ज्याच्याकडून जमीन हिसकावली, चालण्याची वाट हिसकावली, त्याच्याकडून डोहाकाठी नुसतं बसून राहण्याचा आनंदही हिसकावलेला असतो. तो आनंद परत मागणं हीदेखील लढाईच आहे. डंकन्सननं तो मागितला नाही. तो त्यानं काढून दाखवला. 'हे पाणी, हे आभाळ माझंही आहे आणि ते मी तुमच्याइतकंच, किंबहुना अधिक चांगलं रंगवू शकतो,' एवढं त्याचं चित्र म्हणतं. ज्या देशात काळ्या माणसाला कला कळते पण निर्माण करता येत नाही असं छापून येत होतं, तिथं हे म्हणणं लहान नव्हतं.

ही छापून येण्याची गोष्ट खरी आहे. १८६७ मध्ये न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रात असा मजकूर आला होता. तो एडवर्ड मिशेल बॅनिस्टर या दुसऱ्या कृष्णवर्णीय निसर्गचित्रकाराच्या जिव्हारी लागला. नऊ वर्षांनी, १८७६ मध्ये, फिलाडेल्फियाच्या शतसांवत्सरिक प्रदर्शनात त्याच्या 'अंडर द ओक्स' या चित्राला पहिलं बक्षीस मिळालं. खात्री करून घ्यायला तो कचेरीत गेला, तर काळा माणूस इथं कशाला आला म्हणून त्याला हिडीसफिडीस केलं गेलं. चित्र आपलंच आहे असं त्यानं सांगितलं, तेव्हा सगळ्यांचे चेहरे बदलले. बक्षिसाचा फेरविचार करण्याची भाषा झाली. पण स्पर्धेतल्या इतर चित्रकारांनीच ते होऊ दिलं नाही. ओक वृक्षांच्या सावलीत चरणारी मेंढरं, असा त्या चित्राचा विषय. पुन्हा तेच साधं कुरण. ते चित्र आज कुठं आहे याचा पत्ता नाही.

हे बक्षीस पाहायला डंकन्सन हयात नव्हता. शेवटची काही वर्षं त्याचं मन थाऱ्यावर नव्हतं. एका दिवंगत चित्रकर्तीचा आत्मा आपल्याकडून चित्रं काढून घेतो, असं त्याला वाटू लागलं. आयुष्यभर हाताळलेल्या रंगांतलं शिसं त्याच्या शरीरात भिनलं असावं, असा अनेकांचा कयास आहे. तसं असेल, तर पोरवयात घरं रंगवताना ज्या रंगानं पोट भरलं, त्याच रंगानं शेवटी घात केला. २१ डिसेंबर १८७२ रोजी डेट्रॉइटच्या मनोरुग्णालयात तो वारला. वय अवघं एक्कावन्न. मन्रो गावच्या दफनभूमीत त्याला पुरलं, आणि शंभराहून अधिक वर्षं त्या जागेवर नावाचा दगडही नव्हता. तो अगदी अलीकडे बसवला गेला.

त्याच्या मृत्यूनंतरच्याच वर्षी, १८७३ मध्ये, इकडे पुण्यात महात्मा जोतीराव फुले यांचं 'गुलामगिरी' हे पुस्तक प्रसिद्ध झालं. अमेरिकेतल्या ज्या भल्या लोकांनी निग्रोंना दास्यातून मुक्त करण्यासाठी झीज सोसली, त्यांना जोतीरावांनी ते अर्पण केलं. जोतीरावांना डंकन्सन ठाऊक असण्याचं कारण नाही. पण ओहायोच्या काठावर जे चाललं होतं त्याचा आणि आपल्या गावकुसाबाहेर जे चाललं होतं त्याचा काही संबंध आहे, हे मराठी भाषेनं इतक्या लवकर ओळखलं होतं. म्हणून डंकन्सन मला फार परका वाटत नाही.

२० जानेवारी २०२१ रोजी अमेरिकेच्या नव्या राष्ट्राध्यक्षांच्या शपथविधीच्या दिवशी संसदभवनाच्या घुमटाखाली त्याचं एक चित्र ठेवण्यात आलं होतं. 'लँडस्केप विथ रेनबो', १८५९ सालचं, म्हणजे यादवी युद्धाच्या दोन वर्षं आधीचं. एक तरुण जोडपं कुरणातून चाललं आहे, गुरं घराकडे निघाली आहेत आणि इंद्रधनुष्याचं टोक बरोबर त्या घरावर उतरलं आहे. त्याच्या दोनच आठवडे आधी, ६ जानेवारीला, त्याच इमारतीत जमाव घुसला होता. आपलं चित्र तिथं पोचायला दीडशेहून अधिक वर्षं लागतील, हे त्या रंगाऱ्याला कधी स्वप्नातही आलं नसेल.

चित्रातलं इंद्रधनुष्य खरं होतं का? दोन वर्षांत त्या देशात लाखो माणसं एकमेकांविरुद्ध शस्त्र घेऊन उभी राहिली. म्हणून काहीजण म्हणतील, चित्रकाराचा अंदाज चुकला. मला तसं वाटत नाही. तो काही हवामानाचा अंदाज वर्तवत नव्हता. सभोवती ढग दाटलेले असताना, ज्याला स्वतःचं सुरक्षित अंगण नव्हतं अशा माणसानं कुणा दोघांना घरी पोचवलं, त्यांच्या छपरावर उजेड टाकला आणि खाली आपली सही केली. एवढं धैर्य पुष्कळ झालं.